गावंडेकाकांचा सामुराई

गावंडेकाका आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले, तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून आत यायला त्यांना वीस मिनिटं लागली. वर आले, चपला काढल्या आणि दारावरच्या पाटीसमोर उभे राहिले. पाटी नवीकोरी होती. ‘भाषांतराची सर्व कामे केली जातील’ यातल्या ‘सर्व’चा रफार पेंटरनं ‘स’च्या डोक्यावर ठेवला होता. काकांनी खिशातून घराची किल्ली काढली, रफार खरवडून काढला, मग लाल पेनानं तो ‘व’वर नीट बसवला. आवाज ऐकून पंकजभाऊ, म्हणजे आमचे मालक, बाहेर आले.

“काका, हे काय करून राहिले तुमी?”

“काम,” काका म्हणाले. “तुमी कामालेच बोलावलं होतं ना मले?”

अमरावतीत एका हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. तीन कॉम्प्युटर, एक कूलर, पंकजभाऊ, एक टायपिस्ट आणि मी. मी मूळची अकोल्याची, अमरावतीत खोली घेऊन राहत होते. मिक्सरच्या माहितीपुस्तिका, औषधांच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, फवारणीच्या सूचना, असलं सगळं आम्ही मराठीत आणायचो. आणि मग पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला मोबाइलवरचा एक खेळ मराठीत करायला दिला. परदेशी खेळ. ड्रॅगन, जादूगार, बोलणारे बेडूक आणि हजारो वाक्यं. एवढं मोठं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं. पंकजभाऊंनी म्हणून काकांना गाठलं. काका इथल्या एका दैनिकात बत्तीस वर्षं मुद्रितं तपासून नुकतेच निवृत्त झाले होते.

अंगानं काटकुळे, केस अजून काळे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, दोन्ही लाल. “निळा पेन लिवनाऱ्याचा असते,” ते म्हणायचे, “आपला लाल.” बोलायचे अस्सल वऱ्हाडी, पण कागदावर पेन टेकलं की भाषा इस्त्री केल्यासारखी. तपासताना वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचे, एकेक शब्द उलटा. मी कारण विचारलं तर म्हणाले, “अर्थ दिसला का चूक लपते, बेटा. म्हनून अर्थाले पयले घराबाहेर काढाचं.”

त्यांची एक खोड होती. नुसती चूक दुरुस्त करून त्यांचं समाधान व्हायचं नाही. ज्यानं केली त्याला थोडं चिडवलं की मगच काम पुरं व्हायचं. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यानं फळ्यावर ‘गरम पोहे’च्या जागी ‘गरम पाहे’ लिहिलं होतं. काका त्याच्या गाडीसमोर हात बांधून उभे राहिले आणि पोह्यांकडे नुसते पाहत राहिले. पोहेवाल्यानं विचारलं, काय देऊ? “कायी नाई,” काका म्हणाले, “पाहून राहिलो. गरम हायेत.” पोहेवाला आठवडाभर फुगून होता. काकांना त्यात गंमतच वाटायची. समोरच्याला ती तेवढी वाटते की नाही, हे बघायला ते थांबत नसत.

खेळाच्या कामात पहिलाच दगड लागला तो ‘क्लास’ या शब्दाचा. या प्रकारच्या खेळात सुरुवातीलाच आपण कोण व्हायचं ते ठरवावं लागतं. जादूगार, वैद्य, चोर, ढालकरी किंवा सामुराई. प्रत्येकाची ताकद वेगळी, नियम वेगळे. त्या निवडीला तिकडे क्लास म्हणतात. पुण्याहून आलेल्या तक्त्यात कुठल्याशा कॉम्प्युटरनं त्याचं ‘इयत्ता’ करून ठेवलं होतं. ‘इयत्ता : चोर.’ काका इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

“कोनत्या इयत्तेतला चोर हाये हा? पास झाला का नापास?”

मग दोन दिवस त्यांनी त्या एका शब्दावर घालवले. वर्ग नको, जात तर नकोच, प्रकार म्हटलं की किराणा वाटतो. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी पांढऱ्या कागदावर एकच शब्द लिहिला आणि माझ्यासमोर ठेवला. ‘बाणा.’ तुमचा बाणा निवडा. पुण्याला आमचं काम तपासणारी श्रेया नावाची मुलगी होती. ‘बाणा’ तिनं पहिल्या फटक्यात मंजूर केला. पुढच्या पाच महिन्यांत काकांचा दुसरा कुठलाही शब्द तिनं असा सहज सोडला नाही.

दुसरा दगड सामुराई. श्रेयानं त्याच्यासाठी ‘शूर योद्धा’ असं सुचवलं होतं. काकांनी त्यावर लाल रेघ मारली. मी म्हटलं, मग काय लिहू? शिलेदार? धारकरी?

“मानूस पाह्यल्याशिवाय नाव ठेवते काय कोनी? पयले पोरगं जन्माले येऊ दे, मंग बारसं करू.”

म्हणजे त्यांना खेळ खेळून बघायचा होता. जन्मात कधी पत्त्यांच्या पलीकडे न गेलेला माणूस. पंकजभाऊंनी कामासाठी घेतलेला टॅब त्यांच्या हातात दिला, मी कुठे बोट लावायचं ते दाखवलं. आता या खेळातला सामुराई असा सहज मिळत नाही. आधी फासे टाकावे लागतात, पाच आकडे येतात, पाचही मोठे आले तरच सामुराई होता येतं. नाहीतर ‘ढालकरी व्हा’ असा सल्ला मिळतो. काकांनी ‘पुन्हा’ दाबलं. मग पुन्हा. तीन दिवस ते ‘पुन्हा’ दाबत होते. मधून मधून संत्र्याची फोड तोंडात टाकायची, टॅबला हात पुसून परत दाबायचं.

पंकजभाऊ तक्ता घेऊन आले. “काका, तीन दिवसांत एक शब्द नाई झाला.”

“पोरगंच जन्माले नाई आलं अजून,” काका म्हणाले. “ढालकऱ्यावर भागवू काय?”

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पाचही आकडे आले. काकांनी टॅब दोन्ही हातांनी उचलून आम्हाला दाखवला. काळं चिलखत, कमरेला दोन तलवारी, डोक्यावर केसांचा बुचडा. खाली खेळानं विचारलं होतं, नाव काय ठेवायचं? काकांनी क्षणभरही विचार न करता लिहिलं, ‘दादाराव’.

“कोण दादाराव?” मी विचारलं.

“हाये एक,” ते म्हणाले आणि टॅब आपल्याकडे वळवून घेतला.

दादाराव सामुराईचा पहिला सामना एका विहिरीवरच्या बेडकाशी होता. बेडूक म्हशीएवढा. लढण्याआधी तो पडद्यावर भाषण करतो आणि काही सेकंदांनी उडी मारतो. काका ते भाषण शेवटाकडून वाचायला घेत. चौथ्या शब्दावर येईपर्यंत बेडूक अंगावर. नऊ वेळा दादाराव त्या विहिरीवर पडला. शेवटी काकांनी पुण्याला शेरा पाठवला, ‘बेडकाचे भाषण लांबले आहे. वाचून होण्यापूर्वीच वाचक मरण पावतो.’ श्रेयानं भाषण खरोखर कापलं.

खेळता खेळता त्यांना त्या सामुराईचे नियम कळत गेले. त्याला ढाल नाही. जादू नाही. पाठमोऱ्यावर वार केला तर गुण कमी होतात. त्या गुणांना श्रेयानं ‘सन्मान’ म्हटलं होतं, काकांनी तेही खोडलं. “सन्मान सत्कारात भेटते, शाल-नारळ घेऊन. हे तर कमी होनारी गोष्ट हाये. हे अब्रू होय.” आणि सगळ्यात मोठा नियम त्यांना एका दुपारी सापडला. बाकी सगळ्यांच्या पडद्यावर खाली डावीकडे ‘मागे हटा’ असं बटन असतं. सामुराईच्या पडद्यावर ती जागा रिकामी. काकांनी त्या रिकाम्या जागेवर चार-पाच वेळा बोट दाबून पाहिलं. मग बोट उचललं आणि टॅबकडे बघत बसले.

“याले मांगं सरकाचं बटनच नाई देल्लं.”

“तोच तर त्याचा बाणा आहे,” मी म्हटलं.

“मंग हा छापील काहून बोलते?” ते म्हणाले. “ज्याले मांगं सरकता येत नाई, तो मानूस असा बोलत नसते.”

नाव त्यांनी ‘सामुराई’च ठेवलं, ते जपानचं लेकरू जपानी नाव सांगेल म्हणून. पण त्याची भाषा बदलून टाकली. पुढचे दोन आठवडे काका मान वर न करता लिहीत होते. श्रेयाच्या मसुद्यात सामुराई लढाईआधी म्हणायचा, ‘तुझा अंत जवळ आला आहे.’ काकांचा सामुराई विचारायचा, ‘घरी सांगून आला काय?’ जखम झाली की ‘मला वेदना होत आहेत’ याच्या जागी, ‘लागलं. पन सांगाले टाइम नाई.’ जिंकल्यावर ‘विजय माझाच आहे’ नाही, तर पडलेल्या शत्रूला, ‘झालं. उठ आता, पानी पे.’ आणि ‘माघार घेणे माझ्या धर्मात नाही’ याचं त्यांनी केलं होतं, ‘धुऱ्यावर उभा हाओ. मांगं सरकत नाई.’ धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. जादूगार, वैद्य, चोर, राणी सगळे शुद्ध पुस्तकी बोलत होते. एकटा सामुराई वऱ्हाडी.

पुण्याहून तक्ता परत आला तो शेऱ्यांनी लालेलाल होऊन. बत्तीस वर्षांत काकांवर कोणी लाल पेन चालवलं नव्हतं. ‘सामुराई हा उच्चकुलीन आहे. त्याची भाषा ग्रामीण वाटते. प्रतिष्ठित हवी.’ काकांनी खाली लिहिलं, ‘आमच्याकडील प्रतिष्ठित माणसे अशीच बोलतात. खात्री करण्यास यावे.’ असं चार वेळा इकडून तिकडे झालं. पाचव्या वेळी श्रेयानं तक्त्यावर न लिहिता पंकजभाऊंना फोन केला. सोमवारपर्यंत सामुराईची सगळी वाक्यं बदलून आली नाहीत तर उरलेलं काम दुसरीकडे देऊ.

पंकजभाऊंनी फोन ठेवला आणि कूलर बंद केला, म्हणजे बोलणं नीट ऐकू यावं. हे काम गेलं तर टायपिस्टला आणि मला ठेवणं त्यांना जमणार नव्हतं. ते त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. काका ऐकत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “फाइल तुह्यापाशी हाये. तू बदल. मी आड येत नाई.”

“तुम्हाला चालेल?”

“चालत नाई. पन आड येत नाई.”

मी बसले बदलायला. दहा वाक्यं बदलली आणि मोठ्यानं वाचून पाहिली. तो सामुराई एखाद्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत आभार मानायला उठल्यासारखा वाटत होता. काका खिडकीकडे तोंड करून सुपारी कातरत होते. मी अकरावं वाक्य बदललं नाही. पंकजभाऊंना म्हटलं, एकदा दोन्ही ऐकवून बघू का त्यांना? कागदावर वऱ्हाडी वाचली की पुण्याच्या लोकांना हसू येतं. कानावर पडली तर कदाचित येणार नाही.

पंकजभाऊंचा एक मित्र अकोल्यात रेकॉर्डिंगची खोली चालवतो. कांदे-बटाट्याच्या टेम्पोवर वाजतं ते, लग्नातली गाणी, दुकानांच्या जाहिराती, सगळं तिथलं. शनिवारी आम्ही तिघं पंकजभाऊंच्या गाडीनं गेलो. अकोल्याचं ऊन काय असतं ते मला कोणी सांगायला नको. त्या खोलीत आवाज नको म्हणून कूलर बंद, पंखा बंद, भिंतींना गाद्या लावलेल्या. काकांनी आधी श्रेयाची वाक्यं वाचली. बसून, सरळ, एकही उच्चार न चुकता. बातम्या ऐकल्यासारखं वाटलं. मित्र काचेपलीकडून जांभई देत होता.

मग काका उठून उभे राहिले. कागद टेबलावर ठेवून दिला. डोळे मिटले आणि म्हणाले, “घरी सांगून आला काय?”

तो आवाज त्यांचा नव्हता. काकांचा आवाज बारीक, जरासा चिरका. हा खोल होता, सावकाश, छातीतून येणारा. काचेपलीकडचा मित्र ताठ बसला. काकांनी कागदाकडे न बघता एकेक वाक्य म्हटलं. ‘धुऱ्यावर उभा हाओ’पाशी आले तेव्हा त्यांच्या पायाची बोटं जमिनीत रुतवल्यासारखी आखडली होती. संपल्यावर घामानं चिंब बाहेर आले, तांब्याभर पाणी प्यायले.

“कोणाचा आवाज काढला काका?” पंकजभाऊंनी विचारलं.

“काढला नाई,” ते म्हणाले. “निंगाला.”

संध्याकाळी अमरावतीला पोचलो. त्यांना घरी सोडायला गेलो तर काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. काका आंघोळीला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, “काकू, दादाराव कोण?”

काकूंनी आधी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. “याहिचे मोठे भाऊ. भातकुलीले असतेत, शेती करतेत. नऊ वर्सं झाले, बोलनं नाई.”

दादारावांच्या मुलीचं, वर्षाचं लग्न होतं. पत्रिका गावातच छापली, काकांना न दाखवता. शेवटच्या ओळीत ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ असं हवं, तिथे छापून आलं, ‘आपली अनुपस्थिती प्रार्थनीय’. लग्नाच्या दिवशी काका नवे कपडे घालून गेले आणि मांडवाच्या दाराशी थांबले. आत जाईनात. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पत्रिका दाखवून म्हणत, “आमाले येऊ नका म्हनलं हाये, म्हनून भाईरच उभा हाओ.” लोक हसले. मग नवरदेवाकडचे लोक हसले. दादाराव दाराशी आले, पत्रिका हातात घेऊन ती ओळ वाचली आणि भावाला म्हणाले, “मंग छापलं तसं कर.” काका न जेवता परत आले.

“याहिले वाटलं, दादा रागानं बोलले, बोलावतीन परत,” काकू म्हणाल्या. “त्याहिले वाटलं, हा माफी मांगन. दोघंई थितंच उभे हायेत अजून.”

सोमवारी पुण्याला दोन्ही आवाज गेले. श्रेयानं ते ऑफिसमधल्या, खेळ तपासणाऱ्या मुलांना ऐकवले. दोन दिवस काहीच उत्तर नाही. पंकजभाऊंनी टायपिस्टशी आणि माझ्याशी बोलायचं टाळायला सुरुवात केली होती. बुधवारी तिचा एका ओळीचा निरोप आला, ‘सामुराईला आता कोणीही हात लावू नये.’ खाली लहान अक्षरात होतं की तिथली मुलं एकमेकांना जेवायला जाताना विचारतात, घरी सांगून आला काय. काकांच्या आवाजातच सामुराई खेळात गेला. काकांनी निरोप वाचला, ‘कोणीही’तला ‘ही’ दीर्घ आहे याची खात्री केली आणि परत कामाला लागले.

खेळ बाहेर पडून महिना झाला असेल. ऑफिसात एक फोन आला, मी घेतला. बाई म्हणाल्या, मी अकोटहून बोलते, वर्षा. शाळेत शिकवते.

“तुमच्या त्या खेळात माझे बाबा बोलतात. हे कोणी केलं?”

 त्या सांगत होत्या. नवरा ओसरीत मोबाइलवर खेळत होता, यांना स्वयंपाकघरात वडिलांचा आवाज आला. तव्यावरची पोळी तशीच टाकून त्या बाहेर आल्या. रविवारी भातकुलीला गेल्या, वडिलांना ऐकवलं.

“काय म्हणाले?”

“काही नाही. परत लाव म्हणाले. पाच वेळा ऐकलं. मग विचारलं, अमरावतीची बस किती वाजता आहे. आज सकाळी निघालेत ते.”

मी काकांना सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, उघडलं, परत लावलं. “मी आज जरा लवकर घरी जाऊ काय?”

पंकजभाऊ तोंड फिरवून म्हणाले, “काका, मांगं सरकून राहिले काय?”

काका खाली बसले.

ऑफिस शोधत दादाराव दुपारी आले. काकांपेक्षा वीतभर उंच, पांढरा सदरा-पायजमा, टोपी, हातात कापडी पिशवी. दारात उभे राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, पण ते बोलणार कसे ते मला माहीत होतं.

“पल्हाद.”

“दादा,” काका उठून उभे राहिले.

“तुह्या खेळात चूक हाये.”

टायपिस्टचे हात थांबले. काकांच्या कानशिलावरची शीर दिसायला लागली. “कोनती?”

“म्या असं कदी म्हनलं नाई. मांगं सरकत नाई, अन् तितंच थांबला तू.”

“म्या सोता आयकलं हाये. शेजारचा वावरवाला धुरा कोरत होता, तू आडवा गेला त्याले. मी दहा वर्साचा होतो, तुह्या मांगं उभा होतो.”

“उभा होता, पन अर्धं आयकून पळाला. घरी, मायले सांगाले.” दादारावांनी पिशवी खाली ठेवली. “म्या म्हनलं, धुऱ्यावर उभा हाओ, मांगं सरकत नाई. पन तू उन्हाचा आला, पयले चहा पिऊ, मंग भांडू. असं म्हनलं होतं म्या. अन् पेलो आमी चहा, बाभईच्या झाडाखाली. भांडन झालंच नाई नंतर.”

 काका मला एकदा म्हणाले होते की अक्षर चुकलं तर वाचणारा सांभाळून घेतो, पण ओळच गाळली तर त्याला कळतही नाही की काही गेलंय. ते हळूच बसले, कोरा कागद ओढला, जुनं वाक्य लिहिलं आणि शेवटी सुटलेला मजकूर घालायची लाल खूण केली. पुढे हळूहळू लिहिलं, ‘पन तू उन्हाचा आला. पयले चहा पिऊ, मंग भांडू.’ मग कागद फिरवून भावासमोर ठेवला.

“पाह्य. बरोबर हाये?”

दादारावांनी चष्मा लावला. बोट ठेवून वाचलं. “हं.”

पंकजभाऊंनी खालून चहा मागवला. दोघांनी बशीत ओतून, फुंकर घालून, एक शब्द न बोलता तो संपवला. दादारावांनी बशी खाली ठेवली, टोपी काढून मांडीवर ठेवली.

“हं. आता भांडू.”

आणि ते भांडले. तासभर. हार्डवेअरवाल्याचा माणूस वर येऊन बघून गेला. पत्रिकेपासून सुरू झालं, मग कोणी कोणाच्या आजारपणात विचारपूस केली नाही तिथपर्यंत गेलं, परत पत्रिकेवर आलं.

“मले दाखवली असती तर एका मिनिटात दुरुस्त केली असती,” काका म्हणाले.

“दाखवाले आलो होतो. तुह्या पेपरात, खालती बाकड्यावर दोन तास बसलो. पान तपासून राहिला तू, असं सांगतलं. म्हनलं, कामात हाये, नको बोलावू. दुपारच्या बसनं निंगालो.”

 “मले कोनी सांगतलं नाई,” एवढंच काका म्हणाले, आणि तेही अगदी हळू. दादारावांनी त्यावर विजय वगैरे मिळवल्याचं काही दाखवलं नाही. पिशवीतून वर्षाच्या मुलीचा फोटो काढला आणि टेबलावर सरकवला. “पाच वर्साची हाये आता. तुह्यासारखीच नाकाची.”

दुसऱ्या दिवशी काकांनी श्रेयाला स्वतः फोन लावला. आपली चूक झाली, असं ते फोनवर म्हणाले, तेव्हा पंकजभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पण श्रेया ऐकेना. लढाई सुरू व्हायच्या आधी हा शत्रूला चहा विचारणार? खेळाची हवाच निघून जाईल. सामुराई आहे काका तो, चहा काय पितोय.

“जपानी मानूस चहा पेत नाई काय, बेटा?” काकांनी विचारलं.

 पलीकडे ती हसायला लागली. पुढच्या दुरुस्तीत ते वाक्य पूर्ण आलं. ते रेकॉर्ड करायला काका अकोल्याला गेले तेव्हा दादाराव बरोबर गेले होते, तपासायला. सात वेळा म्हणून घेतलं त्यांनी.

पुढच्या वर्षी मला अकोल्यात नोकरी लागली. खेळाचं काम संपलं होतं, काका आता आठवड्याचे चार दिवस भातकुलीलाच असत. जायच्या आधी भेटावं म्हणून मी बसनं तिकडे गेले. शेतावर आहेत, असं घरून सांगितलं. दोघं कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते, मध्ये मोबाइल. कंपनीनं मधल्या काळात दोन खेळाडूंना आपापल्या मोबाइलवरून समोरासमोर लढता येईल अशी सोय केली होती. त्यात दोन सामुराई एकमेकांपुढे आले तर जो आधी वार करील त्याची अब्रू जाते. पडद्यावर दोघे सामुराई तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभे होते. हलत नव्हते. दादाराव मोबाइल धरून होते आणि त्यांचा अंगठा काचेपासून बोटभर वर थांबलेला होता.

“किती वेळ झाला?” मी विचारलं.

“जेवाच्या आंधीपासून,” गावंडेकाका म्हणाले.

“समोर कोण आहे?”

“मालूम नाई,” दादाराव म्हणाले, नजर न उचलता. “पन मानूस चांगला दिसते. त्यानंबी अजून हात नाई उचलला.”

मी थोडा वेळ थांबले. मग रस्त्यावर बसचा हॉर्न ऐकू आला आणि मी निघते म्हटलं. काकांनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही. ऊन सरकून बाजेवर आलं होतं, आणि भावाला पडदा दिसावा म्हणून ते मोबाइलवर दोन्ही तळव्यांची सावली धरून बसले होते.